रक्त पुढे, रक्त मागे

राजा-राणीची गोष्ट काल झाली. आजची गोष्ट गटारातली. नाक मुरडू नकोस सायली, तुझ्या गप्पी माशांचा खाऊ तिथूनच येतो. दुकानदार पाण्याच्या पिशवीत जो लाल, वळवळता गोळा बांधून देतो त्याला तो ट्युबिफेक्स म्हणतो, तू म्हणतेस, मीही म्हणेन. पण गोळा सोडवून बघितला तर त्यात ट्युबिफेक्सचे चुलतभाऊ लिम्नोड्रिलसही पुष्कळ निघतात. सगळे गांडुळाच्या गोतातले. गांडूळ मातीत राहतं, हे पाण्याखालच्या गाळात.

ओंकार, चिमटीभर गोळा त्या काचेच्या वाडग्यात सोड. तळाला थोडा गाळ आहे ना? मग झालं. आता त्यांना हलवायचं नाही. त्यांची घरं बांधून होईपर्यंत तुम्ही गोष्ट ऐका.

या किड्यांचा संसार उलटा. डोकं खाली गाळात, शेपूट वर पाण्यात. गाळाचे कण चिकटवून ते स्वतःभोवती एक उभी नळी करतात आणि तिच्यात उभे राहतात. तोंड खाली गाळ खात असतं, शेपूट वर सारखी डोलत असते. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तर शेपटीचं टोक तेवढं बाहेर दिसतं. प्राणवायू कमी झाला की शेपूट आणखी बाहेर येते आणि जोरात डोलायला लागते. नाल्याच्या काठी उभं राहून तळाशी लालभडक गालिचा हलताना दिसला, तर समजायचं की इथल्या पाण्यात आता फारसं कुणी जगत नाही. हे मात्र मजेत आहेत.

"म्हणजे ते शेपटीने श्वास घेतात?"

शेपटीच्या कातडीतून घेतात. आता अडचण बघ. प्राणवायू मिळतो वरच्या टोकाला आणि डोकं गाडलेलं आहे खालच्या टोकाला. मध्ये तीन-चार सेंटिमीटरचं अंतर. तुला मला ते काहीच वाटत नाही. पण प्राणवायूने नुसतं झिरपत झिरपत एवढं अंतर कापायचं ठरवलं तर त्याला काही दिवस लागतील. अर्धा-एक मिलिमीटर असेल तर झिरपण्यावर भागतं. त्याच्यापुढे कुणीतरी वाहून न्यावं लागतं. वाहून नेणारं ते रक्त. हे किडे लाल दिसतात ते रक्तामुळेच, कातडीला त्यांच्या रंग नाहीच. आरपार दिसणाऱ्या अंगातून आतलं रक्त दिसतं.

आता त्या रक्ताचे रस्ते सांगतो. मुख्य रस्ते दोन. एक नळी पाठीकडून, आतड्याच्या वरून जाते. ती पृष्ठवाहिनी. दुसरी पोटाकडून, आतड्याच्या खालून. ती अधरवाहिनी. पाठीच्या नळीतून रक्त शेपटीकडून डोक्याकडे जातं, पोटाच्या नळीतून डोक्याकडून शेपटीकडे परत येतं. अंगावर कड्याकड्यांचे जे भाग दिसतात ना, त्यांना खंड म्हणायचं. जवळजवळ प्रत्येक खंडात या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या वाहिन्या असतात. पुढच्या भागात त्यांतल्या काही जाड, जोरकस आणि स्वतः आकुंचन पावणाऱ्या झालेल्या असतात. त्यांना आपण हृदयं म्हणतो.

"हृदयं? एकापेक्षा जास्त?"

हो. मी कॉलेजात शिकवत होतो तेव्हा गांडुळाच्या रक्ताभिसरणाची आकृती काढायला सांगितली की वर्गाच्या पोटात गोळा यायचा. आपल्याकडचं जे गांडूळ पुस्तकात असतं, फेरेटिमा, त्याच्यावर लखनौच्या प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी १९२६ साली एक पुस्तिका लिहिली. तिच्यावर भारतातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या घासल्या गेल्या. फेरेटिमाला हृदयांच्या चार जोड्या, सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या खंडात. एखादा हुशार मुलगा विलायती पुस्तक वाचून यायचा आणि म्हणायचा, सर, पाच जोड्या, सात ते अकरा. त्याचंही बरोबरच असायचं, कारण ते पुस्तक लुंब्रिकस या युरोपातल्या गांडुळाचं. आणि या वाडग्यातल्या ट्युबिफेक्सला? एकच जोडी, आठव्या खंडात. एकाच गोतातली तीन भावंडं आणि तिघांच्या हृदयांचा हिशोब निराळा.

पण ही हृदयं म्हणजे रक्ताचा एकमेव पंप नव्हे. खरं काम पाठीवरची नळी करते. तिच्या भिंतीत स्नायू आहेत. शेपटीकडून आकुंचनाची एक लाट निघते आणि रक्ताला पुढे ढकलत डोक्याकडे जाते. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. म्हणजे आपण ज्याला हृदय म्हणतो ते या प्राण्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आरपार दिसणारा प्राणी हवा. ही युक्ती जुनी आहे. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ छापला. त्यात तो सांगतो की टेम्स नदीत आणि समुद्रात मिळणाऱ्या एका पारदर्शक कोळंबीसारख्या प्राण्याचं धडधडतं हृदय त्याने आपल्या मित्रांना दाखवलं होतं. काही चिरायचं नाही, फाडायचं नाही, पाण्यात ठेवायचं आणि बघायचं. मला हा सगळ्यात सभ्य प्रयोग वाटतो.

हार्वेची कोळंबी आपल्याकडे नाही, पण आपल्या गोतातला एक कलाकार आहे, लुम्ब्रिक्युलस. अमेरिकेत आणि युरोपात तळ्यांच्या काठी कुजक्या पानांत राहतो. पाच-सात सेंटिमीटर लांब, दीड मिलिमीटर जाड. तिकडे मासे पाळणारे त्याला ब्लॅकवर्म म्हणतात. तोसुद्धा शेपूट पाण्याच्या वरच्या कडेपर्यंत नेतो, तिथे काटकोनात वळवतो आणि शेपटीची पाठ हवेला लावून पडून राहतो. पाठच का, तर पृष्ठवाहिनी तिथेच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विद्यापीठात चार्ल्स ड्रूज नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी या किड्याला शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणून बसवलं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडा ठेवायचा आणि पाठीवरच्या लाटा घड्याळ लावून मोजायच्या. मुलांना कळायचं की शेपटीकडे लाटा भराभर निघतात आणि डोक्याकडे त्यांचा वेग कमी असतो. पाणी कोमट केलं की वेग वाढतो. पाण्यात कॅफिन घातलं तरी वाढतो. चहा प्यायल्यावर तुमच्या आजोबांचं होतं तेच.

या किड्याची आणखी एक ख्याती आहे. तो तुटला तर मरत नाही, प्रत्येक तुकड्याचा नवा किडा होतो. जिनिव्हाचा शार्ल बॉने हा तरुण १७४१ साली असल्या गोड्या पाण्यातल्या किड्यांचे तुकडे करून बघत होता. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच गावच्या अब्राहम ट्रेंब्लेने हॉलंडमध्ये राहून हायड्रा कापला आणि तुकड्यांतून नवे हायड्रा होतात असं दाखवलं होतं. ते ऐकून बॉनेला राहवेना. त्याने किडे कापले आणि तुकड्यांना डोकी फुटताना, शेपट्या वाढताना पाहिल्या. लेन्समधून बघून बघून पुढे त्याची दृष्टी अधू झाली, पण हे त्याने पाहिलं आणि १७४५ साली छापलं. आता आपल्या गोष्टीच्या बाजूने विचार करा. डोकंही नाही, शेपूटही नाही, अशा मधल्या तुकड्यात रक्त कसं फिरत असेल? फिरतं. पाठीच्या नळीतल्या लाटा चालू राहतात. त्यांना डोक्याचा हुकूम लागत नाही, नळीचा प्रत्येक भाग आपापल्या जागी धडधडू शकतो. आपलं हृदय असं दहा ठिकाणी तोडलं तर? नको, हा विषय नको.

"आजोबा, त्या आडव्या नळ्यांचं काय झालं?"

बरी आठवण केलीस. लुम्ब्रिक्युलसची आणि त्याच्या सगळ्या कुळाची खरी गंमत तिथेच आहे. डोक्याजवळच्या खंडांत आडव्या नळ्या पाठीच्या नळीला पोटाच्या नळीशी जोडतात, नेहमीसारख्या. पण मागच्या खंडांत पाठीच्या नळीला ज्या शाखा फुटतात त्या पुढे कुठे जाऊन मिळतच नाहीत. कातडीजवळ जातात आणि संपतात. काहींना फाटेही फुटतात, तेही तसेच बंद. त्या आकुंचन पावतात, रक्त आत येतं आणि आलेल्या वाटेनेच परत जातं. दाभोळच्या खाडीत भरती-ओहोटी बघितलीत ना? आलेलं पाणी पलीकडून निघून जात नाही, त्याच तोंडाने समुद्रात परततं. तसंच. आत जाऊन कातडीतून प्राणवायू घ्यायचा आणि माघारी यायचं. समुद्रातले काही नळीत राहणारे किडे डोक्यावर पिसांचा मुकुट बाळगतात. त्यांच्या पिसांतही असंच येणं-जाणं एकाच बंद नळीतून होतं. त्यांतल्या काहींचं रक्त तर हिरवं असतं. पण ती समुद्राची गोष्ट, पुन्हा कधी.

आता माझ्या आवडीचा भाग. मी असं मानतो की एखाद्या किड्याच्या नळ्यांचा नकाशा दाखवलात तर तो श्वास कुठून घेतो ते सांगता यायला हवं. नळ्यांची दाटी जिथे, त्याचं श्वासाचं ठिकाण तिथे. बघा हं, पटतंय का.

डेरो नावाचा एक चिमुकला आहे, सेंटिमीटरपेक्षाही लहान. तोही नळी बांधून राहतो, शेपूट बाहेर. पण त्याच्या शेपटीचं टोक पसरून वाटीसारखं झालंय आणि त्यात कल्ल्यांची इवली बोटं उभी असतात, बहुधा चार जोड्या. बोटांवर सूक्ष्म केस सारखे हलत असतात, त्यामुळे ताजं पाणी आत येत राहतं. पोटाच्या नळीने मागे आलेलं रक्त या बोटांत चढतं, वळतं, उतरतं आणि पाठीच्या नळीत पडून पुढे निघतं. म्हणजे डेरोच्या पाठीवरून डोक्याकडे जाणारं रक्त नुकतंच श्वास घेऊन निघालेलं असतं.

दुसरा ब्रँकिओड्रिलस. याचा उलटा कारभार. कल्ले शेपटीला नाहीत, पुढच्या खंडांच्या बाजूंना. लांब, मऊ, जोडी-जोडीने, आणि प्रत्येकात रक्तवाहिनीचा एक फेरा. अंगावरचे राठ केस असतात ना, ज्यांना शूक म्हणतात, तेही पुढच्या कल्ल्यांच्या आतच गुंडाळलेले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक बोर्न यांना हा तिथल्याच पाण्यात सापडला आणि १८९० साली त्यांनी त्याचं वर्णन लिहिलं. त्या काळी मद्रासच्या तळ्यातली बाटलीभर घाण उचलून प्रयोगशाळेत नेणाऱ्या प्राध्यापकाकडे लोक कसं बघत असतील!

आणि तिसरा, ब्रँकिउरा. याची गोष्ट सांगतोच. लंडनच्या रीजंट्स पार्कात रॉयल बोटॅनिक सोसायटीची बाग होती. तिथे काचघरात व्हिक्टोरिया कमळाचं टाकं होतं. परातीएवढी पानं असतात ना, तेच कमळ, दक्षिण अमेरिकेतलं. त्याला लंडनची थंडी सोसत नाही म्हणून टाक्यातलं पाणी ऊबदार ठेवायचे. फ्रँक बेडर्ड नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला १८९२ साली त्या टाक्याच्या गाळात एक अनोखा लांब किडा मिळाला. शेपटीकडच्या खंडांवर कल्ले. प्रत्येक खंडाला पाठीवर मधोमध एक, पोटावर मधोमध एक. सोसायटीच्या सॉवर्बींच्या मानाने त्याने त्याचं नाव ठेवलं ब्रँकिउरा सॉवर्बी. नाव इंग्रजी, पत्ता लंडनचा, पण किडा मूळचा आशियातल्या गरम पाण्यातला. कुठल्या तरी पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटून साहेबाच्या देशी गेला असणार. आपल्या भारतातल्या तळ्यांच्या गाळात तो राहतोच. त्याचे कल्ले पाठीवर आणि पोटावर बरोबर मधोमध का, याचं उत्तर तुम्ही आता देऊ शकाल.

"कारण मोठ्या नळ्या तिथेच आहेत!"

शाब्बास. फाटा काढायला सगळ्यात जवळची जागा तीच.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहिली, रक्ताचा लाल रंग. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं ते तांबड्या पेशींच्या आत भरलेलं. या किड्यांच्या रक्तात ते पेशींत नसतं, मोकळं विरघळलेलं असतं. आपल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. गांडुळाच्या रेणूत १४४ साखळ्या आणि त्यांना बांधून ठेवणारे आणखी ३६ दुवे. वजनाने तो आपल्या रेणूच्या पन्नासपटीहून जड. एवढा अगडबंब का? लहान असता तर नळीच्या भिंतीतून पाझरून गेला असता. पेशीच्या पिशवीत कोंडायचं नाही म्हटल्यावर रेणूच इतका मोठा करायचा की तो बाहेर पडणारच नाही. दोन वाटा, काम एकच.

आणि भिंत म्हणजे तरी काय? आपल्या रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक अखंड अस्तर असतं. या किड्यांच्या वाहिन्यांना ते नसतं. आजूबाजूच्या पेशींच्या थरांखाली एक पातळ पापुद्रा असतो. दोन बाजूंचे पापुद्रे एकमेकांपासून जरा सुटले की मध्ये फट राहते आणि रक्त त्या फटीतून वाहतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पटेना. एवढी शिस्तशीर आकृती आम्ही फळ्यावर काढायचो, रंगीत खडूंनी, आणि ती सगळी फटींची निघाली.

ही फट लक्षात ठेवा, कारण आता सगळ्यात लहान किड्याकडे जायचंय. त्याचं नाव एओलोसोमा. एक-दोन मिलिमीटर. डबक्यातल्या शेवाळात सूक्ष्मदर्शकाखाली दिसला की डोळे निवतात. अंगभर नारिंगी किंवा हिरव्या तेलाचे थेंब शिंपडलेले. डोक्याखालच्या बारीक केसांनी तो पाण्यात तरंगत पुढे सरकतो. एरेनबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ साली त्याला नाव दिलं ते हेम्प्रिक या मित्राचं. दोघं बरोबर इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या काठाने हिंडले होते. हेम्प्रिक १८२५ साली तापाने तिकडेच गेला. एवढ्याशा किड्याच्या नावात तो राहिला.

तर या एओलोसोमाचं रक्त रंगहीन. पोटाखालची नळी आहे. पण पाठीकडे बघायला गेलं तर मागच्या अर्ध्या अंगात पृष्ठवाहिनीच नाही! मग रक्त पुढे कसं जातं? आतड्याच्या भिंतीतच रक्ताची फट आहे, आतड्याला चारी बाजूंनी वेढणारी. रक्त तिच्यातून सरकत पुढे येतं आणि पुढच्या भागात आल्यावर कुठे त्या फटीतून पाठीची नळी वेगळी निघते आणि डोक्याकडे जाते. आडव्या नळ्या पण डोक्याशीच, बाकी अंगात नाहीत. एवढ्याशा अंगाला त्यांची गरजही नाही. झिरपण्यावरच भागतं.

तुम्ही माशांना कधी कधी पांढरे किडे घालता ना, व्हाइट वर्म? त्यांच्या कुळातही हेच. पाठीची नळी आतड्याच्या फटीतून निघते, कुणात जरा पुढे, कुणात जरा मागे. ती नेमक्या कितव्या खंडात निघते हे मोजून शास्त्रज्ञ त्या किड्यांच्या जाती ओळखतात.

(काय गं? जेवण वाढू का म्हणतेस? थांब, पाचच मिनिटं. हो, वाडगा ओट्यावर ठेवणार नाही. हो, साबणाने.)

आता इथे आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस येतो, जॉन स्टीफन्सन. पेशाने डॉक्टर, लष्कराच्या वैद्यकीय खात्यातला. हिंदुस्थानात आला आणि लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागला. त्याला गांडुळांचा आणि त्यांच्या पाण्यातल्या भावंडांचा नाद लागला. तो इतका की हिंदुस्थानातल्या या सगळ्या जातींचा जाडजूड ग्रंथ त्याने १९२३ साली काढला आणि १९३० साली जगभरच्या जातींचा. आजही या विषयात कुणी शिरलं की त्याला स्टीफन्सनच्या दारावरून जावंच लागतं.

स्टीफन्सन लाहोरमध्ये असताना हे इवले किडे जिवंत ठेवून तासन्‌तास बघायचा. त्याला दिसलं की बऱ्याच जणांत मागच्या दारातून पाणी आत जातं. आतड्याच्या आतल्या बारीक केसांच्या हालचालीने ते आत ओढलं जातं, आणि आतड्याच्या भिंतीवर आकुंचनाच्या लाटा उठतात त्याही मागून पुढे. खाणं पुढून मागे जायला हवं ना? तसं ते जातंच. पण या लाटा उलट्या. कशासाठी? प्राणवायूसाठी. आतड्याच्या भिंतीत रक्त भरलेलं असतं, आत ताजं पाणी आलं की श्वास घेऊन झाला.

"म्हणजे ते ढुंगणाने—"

हो हो, ओंकार, तेच म्हणतोय मी, पण आजी ऐकतेय.

१९१३ साली स्टीफन्सनने यावर एक मोठा निबंध लिहिला. त्यातला विचार मला फार आवडतो. त्याचं म्हणणं असं की या प्राण्यांत रक्ताची पहिली जागा आतड्याच्या भिंतीत झाली असावी, आजच्या एओलोसोमात दिसते तशी. आतड्याच्या लाटा मागून पुढे जात होत्या, म्हणून त्यांच्यातलं रक्तही मागून पुढे सरकत होतं. नंतर कधीतरी पाठीकडचा एक पट्टा त्या भिंतीतून सुटून स्वतंत्र नळी झाला, पण जुनी सवय घेऊनच सुटला. म्हणून आज ट्युबिफेक्सच्या, लुम्ब्रिक्युलसच्या, एवढंच काय आपल्या बागेतल्या गांडुळाच्या पाठीवरसुद्धा रक्त मागून पुढेच जातं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर तो बाण डोक्याकडे काढत आलो. तो तिकडेच का, हे विचारायला एकाही मुलाला सुचलं नाही. तुम्हालाही नाही सुचलं, पण तुम्ही लहान आहात.

जळू? जळूचं पण सांगतो, ती या कुळातलीच आहे. औषधी जळूने तर मूळच्या रक्तवाहिन्या टाकूनच दिल्या. गांडुळाच्या अंगात आतडं आणि कातडी यांच्या मध्ये जी पोकळी असते, ती जळूत भरत भरत चार अरुंद वाटांपुरती उरली. एक पाठीवर, एक पोटाशी आणि दोन बाजूंना. रक्ताचं काम या वाटा करतात. बाजूच्या दोन वाटा म्हणजे जळूची हृदयं. दोघींचं धडधडणं मात्र सारखं नसतं. एक बाजू मागून पुढे लाटेने आकुंचन पावते, दुसरी बाजू सगळी एकदम. आणि २० ते ४० ठोके झाले की दोघी आपली कामं बदलतात! ज्या जळवा रक्त शोषत नाहीत, गोगलगायी वगैरे खातात, किंवा ज्या माशांना चिकटतात, त्यांच्यातल्या पुष्कळांनी मूळच्या वाहिन्या अजून राखल्यात. म्हणजे जळवांच्या घरातच दोन पंथ.

या कुळाबाहेर बघितलं तर प्लानेरिया नावाच्या चपट्या किड्याला रक्तवाहिनीच नाही. तो चपटा आहे म्हणून त्याला लागत नाही, आणि त्याच्या आतड्याला अंगभर फांद्या फुटलेल्या आहेत, त्या अन्न पोचवतात. त्याच्यापेक्षा जराच वेगळा दिसणारा प्रोस्टोमा, गोड्या पाण्यातला फीतकिडा, त्याला मात्र अंगभर जाणाऱ्या तीन नळ्या आहेत. हे दोघं एकाच दगडाखाली सापडू शकतात.

बघ सायली, वाडग्यात शेपट्या आल्या वर. भिंग घे. पाठ ओळखायची असेल तर लाट कुठे दिसते ते बघ. टिचकी मारू नको, सगळ्या आत जातील. मारलीसच!

असू दे, येतील परत. तोवर शेवटचं. हा किडा घ्या आणि मनातल्या मनात उताणा करा. काय होईल? पाठीवरची नळी खाली गेली, आणि तिच्यातून रक्त अजूनही डोक्याकडेच जातंय. पोटाची नळी वर आली, तिच्यातून रक्त शेपटीकडे. किड्याची मज्जारज्जू पोटाकडे असते, तीही आता वर आली. ओळखीचं वाटतंय का काही? माशाचं हृदय पोटाच्या बाजूला असतं आणि रक्त पुढे ढकलतं. ते कल्ल्यांतून जातं आणि पाठीच्या कण्याखालच्या मोठ्या वाहिनीतून शेपटीकडे परत येतं. मज्जारज्जू पाठीत. म्हणजे उताणा किडा झाला की मासा! इटलीतल्या नेपल्सला समुद्रकाठी मोठी प्रयोगशाळा उभारणारा अँटोन डोर्न याने १८७५ साली हेच लिहिलं होतं, की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे पूर्वज हे असले खंडाखंडांचे किडे आणि ते कधीकाळी उताणे झाले. आपण थेट या किड्यांपासून आलो असं आज कुणी म्हणत नाही. पण उलटापालट झाली असावी, हा विचार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, आणि माशी आणि बेडूक यांची पोट-पाठ ठरवणारी जनुकं तपासली तेव्हा त्यांत खरंच खालचं वर निघालं.

उद्या रविवार. कोळीण बांगडे घेऊन येईल. आजी साफ करायला बसली की तिच्या शेजारी बसा आणि आधी तिला विचारा, मग बोट घाला. दोन्ही कल्ल्यांच्या मध्ये, गळ्याच्या खालच्या अंगाला, लालसर तिकोनी गाठ मिळेल ती हृदय. ते तिथे आहे म्हणजे रक्त पहिल्यांदा कुठे जात असेल ते कल्ल्याच्या लाल रंगावरून ओळखा. मग आतडी काढल्यावर कण्याच्या खाली काळपट लाल पट्टा दिसेल. तो मूत्रपिंडाचा. त्याच्या आड, कण्याला अगदी चिकटून, शेपटीकडे जाणारी मोठी वाहिनी असते. तिच्यातलं रक्त कुठून कुठे जातं ते मी सांगणार नाही. ट्युबिफेक्सच्या पोटाच्या नळीवरून तुम्हीच मला सांगायचं, आणि सांगितलंत तर मोठा तुकडा तुमचा.